भय वाटणे आणि भय धरणे
(बायबलमधील ‘ईश्वराचे भय’ या कल्पनेविषयी)

आमच्या घरांत लहानपणापासून एक वाक्य कानांवर पडत आलेले असते : ‘खुदा से डर.’ मुलुख बदलला की बोली बदलते, वाक्य बदलत नाही. तराजू हलका धरणाऱ्या दुकानदाराला, सुनेला छळणाऱ्या सासूला, बहिणीचा हिस्सा दाबून बसलेल्या भावाला आपली माणसे हेच म्हणतात. शेजारच्या घरात तेच वाक्य ‘देवाला तरी भी जरा’ असे होते. हे वाक्य सहसा दुबळ्याला कुणी ऐकवत नाही. ज्याचा हात वर आहे, त्यालाच ते ऐकवले जाते. ही गोष्ट आम्ही फारशी ध्यानात घेतलेली नाही.

दुसरे एक वाक्य व्यासपीठांवर ऐकू येते. ख्रिस्ती लोकांचा ईश्वर प्रेमाचा आणि मुसलमानांचा ईश्वर भीतीचा, असे ते वाक्य. ते म्हणणाऱ्यांत शिकलेली माणसे पुष्कळ असतात. त्याला उत्तर म्हणून आमच्याकडचे काही वक्ते उलट सुनावतात की, ख्रिस्ती माणसाने प्रेमाच्या नावाखाली ईश्वराचे भयच सोडून दिले. टाळ्या दोन्हीकडे पडतात. दोन्ही बाजूंनी पुस्तक मात्र मिटलेलेच राहते. आम्ही ते उघडून वाचायचे ठरवले. तौरात, जबूर, इंजील ही नावे आमच्या श्रद्धेत आदराने येतात. आज हाती असलेल्या बायबलविषयी आमची भूमिका ख्रिस्ती बांधवांहून वेगळी आहे, हेही लपवण्याचे कारण नाही. परंतु ज्या ग्रंथाविषयी बोलायचे, तो त्याच्या माननाऱ्यांच्या बाजूने एकदा तरी वाचावा, एवढा न्याय कोणत्याही ग्रंथाला मिळायला हवा.

प्रथम शब्दाकडे पाहू. जुन्या कराराची भाषा हिब्रू. तिच्यात या अर्थाचा मुख्य शब्द ‘यिरआ’. एकाच धातूतून तिथे घाबरणे, दबून जाणे आणि आदराने स्तब्ध होणे असे सगळे अर्थ निघतात. सैन्य चालून आले तरी तोच धातू, आणि ईश्वराच्या कृतीने माणूस थक्क झाला तरी तोच. ‘पहद’ हा दुसरा शब्द जास्त कडक आहे. त्यात थरकाप आहे. उत्पत्तीच्या ३१व्या अध्यायात याकूब आपल्या वडिलांच्या ईश्वराचा उल्लेख ‘इसहाकचा पहद’ अशा नावाने करतो. नव्या कराराची भाषा ग्रीक, आणि तिथला शब्द ‘फोबोस’. तोही साध्या घाबरण्यापासून पूज्यभावापर्यंत पसरलेला. म्हणजे मूळ शब्दांनीच वाचकाला मोकळे सोडलेले नाही; प्रत्येक जागी संदर्भ पाहावा लागतो.

मराठी बायबलने येथे ‘भय’ हा शब्द घेतला, आणि त्याच्या जोडीला एक क्रियापद घेतले : ‘भय धरणे’. आम्हांला हे क्रियापद फार मोलाचे वाटते. मराठीत भय ‘वाटते’ किंवा भय ‘धरतात’. अंधारात चालताना, पोलिसांची गाडी दारात थांबली की, भय वाटते. ते आपल्याला पकडते. आपले त्यावर काही चालत नाही. भय धरणे मात्र आपल्या हातातले काम आहे. माणूस ते जाणून धरतो आणि मनात आले तर सोडूही शकतो. सीनायच्या पायथ्याशी घडलेल्या प्रसंगात हा फरक अगदी उघड होतो. ढग गडगडतात, पर्वतातून धूर निघतो, लोक थरथरत दूर उभे राहतात. तेव्हा मूसा (अलैहिस्सलाम) त्यांना सांगतात की भिऊ नका. आणि त्याच दमात सांगतात की ईश्वर आला आहे तो त्याचे भय तुमच्यापुढे राहावे व तुम्ही पाप करू नये म्हणून (निर्गम २०:२०). एकाच वाक्यात भिऊ नका आणि भय असू द्या! वरवर पाहता हा विरोध आहे. ‘वाटणे’ आणि ‘धरणे’ हा भेद लक्षात घेतला की विरोध उरत नाही. गडगडाटाने वाटलेले भय ढग गेले की जाते. धरलेले भय ढग गेल्यावरच कामाला येते.

ते कोणत्या कामाला येते? याचे उत्तर आम्हांला लेवीय या पुस्तकात सापडले. एरवी हे पुस्तक वाचक ओलांडून पुढे जातात, कारण त्यात यज्ञांचे आणि शुद्धाशुद्धतेचे नियम फार. त्याच्या १९व्या अध्यायात बहिऱ्याला शाप देऊ नये आणि आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये, अशी आज्ञा आहे. आणि लगेच जोडून आपल्या ईश्वराचे भय धरण्याची आज्ञा आहे. दोन्ही उदाहरणे कशी निवडली आहेत ते पाहावे. बहिऱ्याला शिवी ऐकू येत नाही. आंधळ्याला दगड कुणी ठेवला ते दिसत नाही. दोघेही तक्रार करू शकत नाहीत, साक्ष देऊ शकत नाहीत. अशा ठिकाणी कायदा पोहोचत नाही, शेजाऱ्यांची लाज आड येत नाही. नेमके तिथेच भय धरण्याची आज्ञा येते. त्याच अध्यायात पिकल्या केसांच्या माणसासमोर उठून उभे राहण्याच्या आज्ञेला हेच शेपूट जोडलेले आहे. २५व्या अध्यायात अडचणीतल्या भावाकडून व्याज घेऊ नये, कर्जापायी चाकर झालेल्या भावावर कठोरपणे हुकमत गाजवू नये, असे सांगताना पुन्हा तेच. दर वेळी समोर असा माणूस आहे जो आपले काही वाकडे करू शकत नाही. आमच्या घरातले ‘खुदा से डर’ हे वाक्य ज्याचा हात वर आहे त्याच्यासाठी असते, असे आम्ही सुरुवातीला म्हटले. लेवीयातही ते त्याच्याचसाठी आहे.

युसूफ (अलैहिस्सलाम) यांची कथा दोन्ही परंपरांना प्रिय आहे. बायबलमधल्या कथनात मिसरचा कारभार हाती असलेले युसूफ समोर उभ्या असलेल्या, आपल्याला न ओळखणाऱ्या भावांना तीन दिवस अटकेत ठेवतात. मग त्यांना सांगतात की मी ईश्वराचे भय धरणारा आहे. आणि एकाला ठेवून घेऊन बाकीच्यांना धान्य देऊन घरी पाठवतात (उत्पत्ती ४२). ज्यांनी विहिरीत टाकले ते भाऊ मुठीत आहेत. सूड घ्यायला कुणी अडवणारा नाही. अशा वेळी उच्चारलेले ते वाक्य आहे. त्यात घाबरलेपणा शोधूनही सापडत नाही.

आता निर्गमच्या पहिल्या अध्यायातल्या दोन सुइणी. शिप्रा आणि पुवा ही त्यांची नावे. फिरऔनने हुकूम सोडला की इब्री बाईला मुलगा झाला तर तो जन्मतःच मारून टाका. सुइणींनी ते केले नाही. ग्रंथ कारण एकच देतो : त्या ईश्वराचे भय धरीत होत्या. गंमत अशी की त्या अध्यायात फिरऔनचे नाव दिलेले नाही. या दोन सुइणींचे दिले आहे. जगातला मोठा राजा निनावी राहिला आणि बाळंतपणे करणाऱ्या दोन बायकांची नावे तीन धर्मांच्या वाचकांपर्यंत पोहोचली. येथे ईश्वराच्या भयाचे दुसरे काम दिसते. दुबळ्यासमोर ते हात आवरते. बलवानासमोर तेच पाठ ताठ करते. एका जागेचे भय धरले की दुसऱ्या जागेचे भय सुटते. ज्या समाजाला गेल्या काही दशकांत भीतीचे अनेक प्रकार अनुभवावे लागले, १९९२-९३ ची मुंबई ज्याच्या स्मरणातून जात नाही, त्या समाजातल्या वाचकाला हा अध्याय केवळ जुनी गोष्ट म्हणून वाचता येणार नाही.

परंतु सगळ्यांत अस्वस्थ करणारी कथा आम्हांला उत्पत्तीच्या २०व्या अध्यायातली वाटली. त्या कथनानुसार इब्राहीम (अलैहिस्सलाम) गरार नावाच्या परक्या मुलखात येतात आणि पत्नी साराला बहीण म्हणून सांगतात. तिथला राजा अबीमलेख तिला बोलावून घेतो. रात्री स्वप्नात त्याला सत्य कळते. तो पहाटे उठून दरबाऱ्यांना सगळे सांगतो, तेव्हा ती माणसे फार घाबरतात. साराला सन्मानाने परत पाठवले जाते. राजा विचारतो, असे का केलेत? उत्तर मिळते की, या जागी ईश्वराचे भय नाहीच, बायकोपायी हे लोक मला मारून टाकतील, असे मला वाटले. आमच्याकडच्या परंपरेत हा प्रसंग वेगळ्या प्रकारे सांगितला जातो आणि पैगंबरांविषयीची आमची दृष्टीही वेगळी आहे. तो मुद्दा बाजूला ठेवू. बायबलकाराने येथे काय साधले ते पाहू. ‘त्यांच्यात ईश्वराचे भय नाही’ हा समज ज्या लोकांविषयी बाळगला, त्याच लोकांना तो ग्रंथ त्या क्षणी भय धरताना दाखवतो. स्वतःच्या आद्य पुरुषाचा अंदाज चुकल्याचे तो लपवत नाही. आम्ही त्यांच्याविषयी आणि त्यांनी आमच्याविषयी व्यासपीठांवरून जे बोलले, ते या कथेसमोर ठेवून पाहावे.

येथपर्यंत जुना करार झाला. वाचक म्हणेल, प्रेमाचा ईश्वर नव्या करारात आहे, तिथे काय? तिथेही भय गेलेले नाही. लूकच्या पहिल्या अध्यायात हजरत मरयम यांच्या स्तवनात ईश्वराची दया त्याचे भय धरणाऱ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राहते, असा आशय आहे. त्याच शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात ईसा (अलैहिस्सलाम) एका न्यायाधीशाची गोष्ट सांगतात. तो ईश्वराला भीत नाही आणि माणसांची पर्वा करीत नाही. त्याच्या दारी एक विधवा न्याय मागत खेटे घालते. लेवीयातला आंधळा आणि ही विधवा सारख्याच. मत्तयच्या १०व्या अध्यायात शरीर मारणाऱ्यांना भिऊ नका, त्याच्याहून अधिक ज्याच्या हाती आहे त्याला भ्या, असा उपदेश आहे. लगेच चिमण्यांचा दाखला येतो, डोक्यावरचे केसही मोजलेले आहेत असे येते, आणि शेवटी पुन्हा भिऊ नका. पुन्हा तीच सीनायची रीत.

मग योहानाच्या पहिल्या पत्रातले ते प्रसिद्ध वचन राहते : पूर्ण प्रेम भीतीला हाकलून देते, या अर्थाचे (४:१८). ‘प्रेमाचा ईश्वर’ म्हणणारे याच वचनावर उभे असतात. पण ते वचन तिथे थांबत नाही. भीतीत शिक्षा असते, असे कारण योहान तिथेच देतो. आणि त्याच्या आदल्या वचनात विषय न्यायाच्या दिवसाचा आहे. म्हणजे जाते ती शिक्षेची भीती. भावावर द्वेष करून ईश्वरावर प्रेम असल्याचे सांगणारा लबाड आहे, हे योहानाने पुढच्याच ओळींत बजावले आहे. धरलेल्या भयाचे जे काम लेवीयात होते, ते इथे प्रेमाकडे सोपवले आहे, एवढेच. काम तेच आहे.

हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याने या वचनावर प्रवचन करताना एक दाखला दिला. दोन बायका आहेत. दोघीही नवऱ्याला भितात. व्यभिचारी बाईला भीती वाटते की तो येईल. निष्ठावान बाईला भीती वाटते की तो निघून जाईल. प्रेम पहिल्या भीतीला घालवते. दुसरी राहते, वाढतेही. पुढे थॉमस ॲक्विनास (१२२५–१२७४) याने चाकराचे भय आणि लेकराचे भय असे भेद पद्धतशीर मांडले. मार्टिन ल्यूथरने १५२९च्या आपल्या छोट्या प्रश्नोत्तरीत दहा आज्ञांचा अर्थ सांगताना भय आणि प्रेम हे दोन शब्द पुन्हापुन्हा जोडीने आणले. आमच्या वाचकाला येथे इमाम गझाली (मृत्यू ११११) आठवतील. त्यांनी ‘इह्या’मध्ये खौफ आणि रजा, भय आणि आशा, यांचा विचार एकाच प्रकरणात केला. भय हा माणसाला ज्ञानाकडे व आचरणाकडे हाकणारा चाबूक आहे, असे ते मानतात. पण माणूस निराशेत बुडेल इतके भय निंद्य, असेही बजावतात. वेगवेगळ्या मुलखांत बसून दोन माणसे एकाच दुखण्यावर औषध शोधत होती असे वाटते.

दुखणे खरे होते, हेही म्हटले पाहिजे. ईश्वराच्या भयाचा धंदा दोन्हीकडे झाला. बायबलमध्येही थरकाप उडवणाऱ्या जागा आहेत. हनन्या आणि सप्पीरा हे जोडपे पैशाबाबत खोटे बोलते आणि जागच्या जागी मरून पडते. साऱ्या मंडळीला मोठे भय वाटले, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ सांगते. प्रेमाचा नवा करार म्हणून ही जागा वगळता येत नाही. १७४१ साली अमेरिकेतील एनफिल्ड गावी जोनाथन एडवर्ड्‌स याने दिलेले प्रवचन प्रसिद्ध आहे. आगीवर धरलेल्या किड्यासारखा माणूस ईश्वराच्या हातात लोंबकळतो आहे, असे चित्र त्यात आहे. ऐकणारे आक्रोश करू लागले, अशी नोंद आहे. असे भय वाटते, धरता येत नाही. सभा सुटल्यावर त्याचे काय होत असेल, हा प्रश्न आम्हांला आमच्याकडच्या काही वाझच्या मजलिसींबद्दलही पडतो. कबरीतले साप ऐकून रडलेला माणूस दुसऱ्या दिवशी बहिणीचा हिस्सा देतो का, हीच त्या भयाची परीक्षा.

याहून मोठा दोष वेगळा आहे. वर ज्याचा हात त्याच्यासाठी असलेले भय खालच्याच्या गळ्यात बांधले गेले. नीतिसूत्रांत परमेश्वराला आणि राजाला एकाच क्रियापदाने भ्यायला सांगितले आहे (२४:२१). पेत्राच्या पहिल्या पत्रात मात्र क्रियापदे वेगळी झाली : ईश्वराचे भय, राजाचा मान (२:१७). ही दुरुस्ती फार महत्त्वाची आहे. पण पुढच्याच वचनात चाकरांनी धन्यांच्या अधीन भयाने राहावे असे येते, आणि इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात दासांना भीत व कापत धन्याच्या आज्ञेत राहायला सांगितले आहे. त्याच पत्रात धन्यांनी धमकावणे सोडावे, कारण दोघांचाही धनी वर आहे, असेही आहे. अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या समर्थकांनी पहिला भाग मोठ्याने वाचला. दुसरा वाचायला लेवीय ठाऊक असावे लागते. ज्या घरात नवऱ्याचा धाक आणि खुदाचा धाक एकच करून बाईला शिकवला जातो, तिथल्या माणसांनी या इतिहासावर हसू नये.

मग फरक काहीच नाही का? आहे. ख्रिस्ती विचारात भयाचा शेवट लेकरूपणात होतो. रोमकरांस पत्रात दास्याच्या आत्म्याऐवजी दत्तकपणाचा आत्मा मिळाल्याचे, ईश्वराला ‘अब्बा’ म्हणण्याचे सांगितले आहे. आम्ही ईश्वराला पिता म्हणत नाही. आम्ही बंदे आहोत, आणि ‘अब्द’ हा शब्द आम्हांला हलका वाटत नाही. हा भेद खरा आहे, तो पुसू नये. परंतु ‘तकवा’ या आपल्या शब्दाच्या मुळाशी जपण्याचा, राखण्याचा अर्थ आहे. मराठीत त्याला कुणी ईशभय म्हणते, कुणी ईशपरायणता. काटेरी वाटेने कपडे सावरून चालणे, असा त्याचा जुना खुलासा प्रसिद्ध आहे. तोही भय धरणेच सांगतो. सूरह फातिरमध्ये ईश्वराला खऱ्या अर्थाने भिणे ज्ञानवंतांकडे दिले आहे. नीतिसूत्रांत ज्ञानाचा आरंभ त्या भयात आहे. एकीकडे ज्ञानातून भय, दुसरीकडे भयातून ज्ञान. वाट एकच, चालण्याची दिशा दोन. आणि आदमच्या दोन मुलांच्या कथेत कुरआनने जी भर घातली आहे ती उत्पत्तीत नाही : मारायला उठलेल्या भावाला दुसरा भाऊ सांगतो की मी तुझ्यावर हात उचलणार नाही, कारण मी अल्लाहला भितो. शिप्रा आणि पुवा यांच्या शेजारी त्याला बसवता येईल.

शेवटी पुन्हा मराठीकडे. ईश्वराचे भय म्हणजे केवळ आदर, असे म्हणून हा शब्द मऊ करण्याकडे अलीकडे कल दिसतो. आम्हांला ते पटत नाही. आदर आपण पाहुण्याचाही करतो आणि त्याच्या पाठीमागे आपले तेच करतो. दुसरीकडे, मराठीत ‘पापभीरू’ म्हटले की डोळ्यांपुढे खाली मान घालून जाणारा, कुणाच्या अध्यात न मध्यात असा गृहस्थ येतो. बायबलमधला भय धरणारा माणूस असा नाही. तो फिरऔनच्या हुकमाला नकार देतो, मुठीत आलेल्या भावाला सोडतो. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत सबंध बायबल आणले; ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली प्रसिद्ध झाले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिले, आणि २०२० साली तेव्हाच्या उस्मानाबादेत ते अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. या माणसांमुळे तो ग्रंथ मराठीचाही झाला आहे. तो वाचायला आता दुसऱ्या भाषेची सबब सांगता येणार नाही.

‘त्यांच्यात ईश्वराचे भय आहे की नाही’ हा प्रश्न आम्ही हे पुस्तक वाचून सोडून दिला. त्याचे उत्तर गरारमध्ये चुकले होते. आमच्यापुरता प्रश्न एवढाच उरतो की, वाटेत आंधळा येतो आहे, आजूबाजूला कुणी नाही, आणि दगड आमच्या हातात आहे.